अय्यूबभाईंची शिडी

चौकातल्या जुन्या लढाऊ विमानाच्या शेपटीला कधीच रंग नव्हता. उडताना इंजिनाच्या झोतानं तिथं रंग जळतो, म्हणून धातू उघडाच ठेवतात. हवाई दलातले निवृत्त मेकॅनिक अय्यूबभाई दर शुक्रवारी नमाजनंतर शिडीवर चढून तो धातू कापसाच्या बोळ्यानं घासत, आपला चेहरा दिसेस्तोवर. खाली शिडी धरायला किसनसिंग पेंटर. परवा दारव्ह्यातलं घर रंगवायला म्हणून त्यानं शिडी मागून नेली. आज अय्यूबभाई बोळा घेऊन आले, तर शेपटी चंदेरी रंगानं माखलेली आणि तिला टेकून त्यांचीच शिडी उभी. किसनसिंग ब्रश धूत होता. “मंत्री येऊन राह्यले, भाई. शेपटी चमकली पायजे म्हणे. मी नसती रंगवली, तं दुसऱ्यानं रंगवली असती.” अय्यूबभाईंनी शिडीवर चढून शेपटीवर हात ठेवला. तळवा चिकटला, चेहरा दिसला नाही. “दुसऱ्याले,” ते हळूच म्हणाले, “मी शिडी देल्ली नसती.”