फिल्टरात काय निघालं

न्हावऱ्याच्या अलीकडं दोन किलोमीटरवर पिकअप आचके देत थांबली ती थांबलीच. मे महिना, सकाळचे अकरा, रस्त्याला धड एक बाभूळ नाही. आणि मागं हौद्यात कोंबडीची पाचशे पिल्लं, कालच अंड्यातून निघालेली.

चालत्या गाडीत खोक्यांच्या भोकांतून वारा खेळतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि पिल्लं गुदमरायला लागतात, हे दौंडच्या हॅचरीतल्या माणसानं तीनतीनदा बजावलं होतं. म्हाळसा उडी मारूनच मागं चढली आणि खोक्यांची झाकणं भराभर उघडू लागली. पिल्लं तिची होती. दोन वर्षं नवऱ्याच्या मागं लागून, कवठ्यात घरामागं स्वतःच्या हातानं कुडाचं शेड उभं करून मग कुठं तिला ती मिळाली होती.

नवरा, मल्हारी, खाली मान घालून बोनेटपाशी उभा. गाडीचा डिझेल फिल्टर त्यानंच पहाटे निघायच्या आधी बदलला होता, मोबाइलवर बघून. म्हाळसा म्हणत होती, लांबचा पल्ला आहे, मेस्त्रीकडून करून घ्या. पण ऐकेल तो मल्हारी कसला! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मल्हारीच्या मावसभावानं फोनवर न्हावऱ्याच्या दत्ता मेस्त्रीचा नंबर दिला. कधीची तोंडओळखही नाही. पण पाचशे पिल्लं म्हटल्यावर तो माणूस न्याहारी अर्धी टाकून मोटारसायकलवर निघाला आणि वीस मिनिटांत हजर झाला. पहाटेच फिल्टर बदललाय हे फोनवर ऐकून त्याला शंका आली होती. या मापाचा फिल्टर दुकानात नव्हता, म्हणून चक्क स्वतःच्या पिकअपचा काढून आणला होता. असली माणसं आहेत म्हणून जग चाललंय, नाहीतर रस्त्यात अडलेल्याकडं बघतंय कोण?

मल्हारीची आई, तानुबाई, खोक्यांवर पदरानं वारा घालत होती. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यात मोतीबिंदू उतरलेली बाई, पण पिल्लं मीच पारखून घेणार म्हणून पहाटे सगळ्यांच्या आधी गाडीत येऊन बसलेली. जन्म मेंढरांमागं गेला होता तिचा. मुकं जनावर तडफडताना बघणं तिला जमायचं नाही.

दत्तानं फिल्टर सोडवला आणि एका डबड्यात उलटा केला. डिझेलाबरोबर पिवळा गाळ आला. त्यानं तो बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. हळद. त्यानं मल्हारीकडं पाहिलं.

मल्हारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात नवी वस्तू आली की तानुबाई खंडोबाचं नाव घेऊन तिच्यावर भंडारा उधळायची. ट्रॅक्टर असो, मोबाइल असो, सुनेचं शिलाई मशीन असो. पहाटे तो पाना शोधायला आत गेला तेव्हा नवा फिल्टर ओट्यावर उताणा ठेवला होता. परत आला तर त्यावर भंडारा. त्यानं तो वरच्यावर पुसला, बोट कपाळाला लावलं आणि फिल्टर बसवून टाकला. कडेच्या भोकांतून आत किती गेलाय, हे बघायचं भान कुणाला होतं!

"मधल्या भोकात गेला असता तर पंपच कामातून गेला असता," दत्ता हळूच म्हणाला. "आतल्या कागदानं अडवला म्हणून वाचलात."

मागून तानुबाईनं विचारलं, "काय निघालं रं?"

मल्हारी डबड्याच्या आड सरकला. आपल्या हातानं पिल्लं मरायला टेकली असं कळलं असतं, तर म्हातारीनं अन्न सोडलं असतं. दत्तानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा म्हातारीकडं. मग डबडं चाकाआड कडेच्या मातीत ओतलं आणि पायानं वर माती सारली.

"कचरा, आजी. डिझेलात कचरा व्हता."

आणलेला फिल्टर दत्तानं हातानं घट्ट आवळला आणि छोटा हातपंप दाबत राहिला. पाइपात शिरलेली हवा बुडबुड करत निघून गेली, नुसतं डिझेल यायला लागलं, तसा त्यानं हवा काढायचा स्क्रू बंद केला. तिसऱ्या सेल्फला इंजिन धडधडलं. मागं म्हाळसा रडायलाच लागली. नऊ पिल्लं गेली होती, पण बाकीची चोची वर करून ओरडत होती. तिनं तिथूनच हात जोडले आणि सांगितलं, दत्ताभाऊ, पहिली अंडी तुमच्या घरी पोचती करणार. दत्ता म्हणाला, आधी गाडी हलवा, वारा लागू द्या त्यांना.

मल्हारीनं त्याचा ग्रीसनं माखलेला हात दोन्ही हातांत धरला. उद्या नवा फिल्टर घेऊन येतो म्हणाला. आभार नुसते फिल्टरचे नव्हते, हे दोघांनाही कळत होतं. मग तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

तानुबाई चढायच्या आधी दत्ताजवळ येऊन थांबली. इंजिनाच्या आवाजात त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतपत बोलली.

"मोतीबिंदू एकाच डोळ्यात हाय, बाबा. दुसऱ्यानं पिवळं दिसलं मला."

दत्तानं चाकाआडच्या मातीकडं पाहिलं.

"तू वर माती टाकलीस, लई उपकार झालं. पर मल्हारीला म्हणू नगं. आईला कळलं न्हाई म्हणून कसा सुखात बसलाय बघ."