जुन्याचा हक्क आधी

"या, पुढारी! आज चालत? खांदा द्यायला कुणी मिळालं नाही वाटतं!" दार उघडत डॅरेल बापाला म्हणाला.

एमेट स्वोबोडा हसला नाही. मागच्याच महिन्यात नेब्रास्कातल्या मालगाड्यांच्या यार्डात युनियनच्या लोकांनी त्याला खरोखरच खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. कंपनीकडून त्याने पगारवाढ आणली होती, तीही एवढी, की कंपनी 'हो' म्हणाली तेव्हा त्यालाच शंका आली. बदल्यात कंपनीला एकच गोष्ट हवी होती : प्रत्येक गाडीवरचा एक ब्रेकमन, म्हणजे डब्यांचे ब्रेक सांभाळणारा माणूस, कमी. एमेटने मान डोलावली. म्हातारे निवृत्त होतील, तेवढ्याच जागा मिटतील, कुणाच्या ताटातलं काही जाणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

अंदाज चुकला तो पगारवाढीमुळेच. पेन्शन शेवटच्या काही वर्षांच्या पगारावर ठरायची. पगार वाढलेला असताना घरी जाऊन बसायला म्हातारे काही खुळे नव्हते. खोकत, गुडघे धरत, ते डब्यांवर चढत राहिले.

जागा मात्र ठरल्याप्रमाणे मिटल्या. ज्याची जागा जाई, तो आपल्याहून नवख्या माणसाची जागा घेई. हा हक्क युनियननेच एके काळी संप करून मिळवलेला. तो नवखा मग आणखी नवख्याकडे वळे. ज्याची जागा घ्यायची, त्याला आधी घरी जाऊन तोंडावर सांगायचं, एवढी यार्डाची रीत होती. त्यामुळे हल्ली गावात कुणी कुणाकडे सहज म्हणून जात नसे.

डॅरेल यार्डात सगळ्यात नवखा. त्याच्या खाली कुणीच नव्हतं.

"आईची इंजेक्शनं?" त्याने विचारलं.

"चालू आहेत. मी नोकरीत आहे तोवर विमा आहे."

"आत या ना, बाबा. आणि खरं सांगा, माझ्याकडे कोण येतंय? तुम्हाला आधी कळतं. तो हार्लन बुढ्ढा ना?"

"हार्लन नाही."

"मग?"

"काल माझीच जागा गेली," एमेट म्हणाला.

आत डॅरेलची बायको पोटावर हात ठेवून खुर्चीतून उठली आणि तिथेच थांबली.

"दुसऱ्या कुणाकडे जायचंत," डॅरेल म्हणाला.

"गेलो असतो, तर तो त्याच्या खालच्याकडे गेला असता, तो आणखी खालच्याकडे. शेवटी कुणीतरी इथेच आलं असतं. म्हटलं, परक्याने येण्यापेक्षा…"

"मला तक्रार करायचीय. युनियनकडे. कुणाकडे करायची असते?"

"माझ्याकडेच."

डॅरेलने केली. एमेटने ती दारातच उभं राहून शेवटपर्यंत ऐकून घेतली. आणि नियमाप्रमाणे फेटाळली.