वाऱ्याची बाजू

"समोरून जा, बेटा. मागून नको. आणि तिच्याकडे टक लावून बघू नकोस."

हनीफ घशातल्या घशात बोलत होता. आवाज पार बसला होता. गळ्याला मफलर, नाकाला आणि कपाळाला बाम चोपडलेला. तो बोलला की अवनीला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे.

ऐकून झालं की ती पाण्यातून छपछप करत पलीकडे जाई. फुजैराच्या डोंगरातली ही वादी, म्हणजे ओढ्याचं पात्र, एरवी कोरडी असते, पण यंदा थंडीत पाऊस झाला होता आणि घोट्याएवढं पाणी वाहत होतं. पलीकडच्या काठावर दोन बोरींच्या मध्ये दोर ताणला होता आणि दोराला रीम अवनी यायच्या आधीच बांधलेली होती. तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. अलीकडे, घोडीकडचा वारा अंगावर येईल अशा बाजूला, हनीफने घोड्याचा ट्रेलर जोडलेली आपली गाडी लावली होती.

रीमने संध्याकाळपासून गवताला तोंड लावलं नव्हतं. कान उभे करून ती गाडीकडे बघत होती.

"बाबा, शी डझन्ट लाइक मी," अवनी म्हणाली.

गुणवंत तंबूची दोरी आवळत होता. सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसातून तो थेट इकडे आला होता. "हनीफभाई, सौदा ठरवणाऱ्या मुनीरला मी फोनवर स्पष्ट सांगितलंय. एकाच माणसाची सवय असलेला घोडा मला नको. मागच्या वर्षी घेतला होता, तो जुन्या मोतद्दारासाठी झुरून चारा सोडून बसला. परत द्यावा लागला. ही पोरगी महिनाभर रडत होती. हिचा मोतद्दार कुठे असतो?"

"तबेला बंद झाला, साहेब. सगळी माणसं चालली आपापल्या गावी. खलास."

"मग ही राहील त्याच्याशिवाय?"

"सकाळी दोर सोडू. पोरीच्या हाकेला आली तर तुमची. नाही आली तर मी परत नेतो."

"परत म्हणजे कुठे?"

"लिलावात. पुढे कुठे जाईल, अल्लाला माहीत." हनीफने गाडीच्या टायरला पायाने दाबून पाहिलं. टायर चांगला टणक होता.

"तुम्हीच एकदा जवळ जाऊन बघा ना. तुम्हाला घोड्यांची माहिती दिसते."

"मला सर्दी आहे. तिला लागेल."

"हॉर्सेस डोंट कॅच अवर कोल्ड, अंकल!"

"घ्या! पकडलं पोरीने," हनीफ हसला. "मग हनीफ अंकल घोड्याला घाबरतात म्हण. मी आपला गाडी घेऊन आलोय."

तेवढ्यात रीम खिंकाळली. लांब, थरथरती हाक होती ती. डोंगरावर आपटून परत आली. शेजारच्या तंबूतली माणसं कबाब भाजता भाजता वळून बघू लागली. हनीफ गाडीत जाऊन बसला आणि त्याने काच वर घेतली.

गुणवंत चहाचा कप घेऊन आला तेव्हाच काच खाली आली. मागच्या सीटवर दोरीने आवळलेला मोठा खोका होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत रत्नागिरीचा पत्ता.

"सुट्टीला?"

"सुट्टीच म्हणा. परवाचं विमान आहे, इन्शाल्ला."

सूर्य डोंगराआड गेला आणि गारवा सुटला. अवनीचे दात वाजायला लागले. हनीफने सीटखालून एक करडा स्वेटर काढला. कोपरावर रफू केलेला, बाह्या सैल पडलेल्या. त्याने तो स्वतः तिला घातला, बाह्या दुमडून दिल्या.

"इट स्मेल्स फनी!"

"अवनी!" गुणवंत ओशाळला. "असू दे, हनीफभाई. घरी गेल्यावर हिची आई, अनुपमा, धुऊन देईल."

"गाडीचा वास आहे, बेटा. सहन कर. आता जा, तिच्याकडे पाठ करून बस. तळहातावर गवत ठेव, हात सपाट धरून. बाकी काही करायचं नाही."

"देन व्हॉट?"

"मग वाट बघायची. घोड्याला घाई केलेली कळते."

अवनी गेली. बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग रीमने मान खाली केली, पोरीच्या खांद्याला नाक लावलं, आणि हळूच तळहातावरचं गवत उचललं. अवनीने हसू दाबून धरलं, पण हलली नाही. अलीकडे हनीफच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

सकाळी अवनी स्वेटर घालूनच तंबूबाहेर आली. हनीफने तिला जवळ बोलावलं.

"हाक कशी मारशील?"

"कम, रीम?"

"त्यापेक्षा 'ये गो बाय' म्हण. माझी आई म्हशीला अशी बोलवायची. गो जरा लांबव."

अवनी पलीकडे जाऊन बोरींच्या मागे उभी राहिली आणि गुणवंतने दोर सोडला. रीम मोकळी झाली, दोन पावलं टाकली आणि पाण्याच्या कडेला थांबली. तिचं तोंड गाडीकडे होतं. हनीफ गाडीच्या आड झाला.

"ये गोऽ बाय!" अवनीचा आवाज चिरकला.

रीमचे कान वळले. मग मान वळली. मग ती सगळीच वळली आणि धावत जाऊन तिने आपलं तोंड अवनीच्या छातीवर, त्या करड्या लोकरीत खुपसलं.

"बाबा! शी केम! शी केम!"

गुणवंतने घोडी पुन्हा बांधली आणि लगेच मुनीरला फोन लावला. "डन, मुनीर! अरे, पोरीला सोडायलाच तयार नाही ती."

ऊन चढलं तसं अवनीला उकडायला लागलं. तिने स्वेटर काढला, हातावर टाकला आणि परत करायला पाण्यातून निघाली. तिच्या मागे रीमने पाऊल उचललं, दुसरं उचललं, आणि दोर ताठ झाला तरी ती मान लांब करून त्या स्वेटरकडे ओढ घेत राहिली.

हनीफने घाईने स्वेटर पुन्हा अवनीच्या अंगात घातला.

"तुझ्याकडेच ठेव, बाय. महिनाभर तरी हा घालूनच तिच्याजवळ जा," तो कुजबुजला. "आणि आईला सांग, धुवायचा नाही."