राखलेली जागा

चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसताच तिने सवयीने शेजारी पर्स ठेवली, नवऱ्याची जागा राखायला. नगरसेवक झाल्यापासून तो तिथे क्वचितच बसला होता. प्रार्थना सुरू झाली की लोक त्याला मागच्या दाराशीच गाठायचे. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या गल्लीतला दिवा गेलेला. "माझ्यापेक्षा तुमच्याकडेच गर्दी जास्त," फादर चेष्टेने म्हणायचे. तो तिला लांबूनच ‘आलोच’ अशी खूण करायचा आणि बोलण्यात अडकायचा. आज त्याची शवपेटी वेदीसमोर होती, बाकापासून हातभर अंतरावर. फादर त्याच्याबद्दल बोलत होते. शब्द तिच्या कानांवर पडत होते, आत काहीच पोचत नव्हतं. चर्च गच्च भरलं होतं. लेक वाकून म्हणाली, "आई, पर्स उचल ना. या आजी केव्हाच्या उभ्या आहेत." तिने वळून मागच्या दाराकडे पाहिलं. "थांब जरा," ती म्हणाली. "बाबा येतीलच."