पहिलं गिऱ्हाईक

एकदाची भवानी झाली! जुने कपडे ऑनलाइन विकायला काढल्यापासून इतक्या दिवसांत तिच्या दुकानाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि आज सकाळी फोन वाजला. मोरपंखी लोकरी कोट विकला गेला होता. घासाघीस नाही, काही नाही. सांगितली ती किंमत.

"काय शेठाणी!" नवरा दाढी करता करता आतून ओरडला. "आता माझे शर्ट कुलपात ठेवायला हवेत. तुझा काही नेम नाही, बाई."

ती खूश होती. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच स्वतःचं म्हणावं असं काहीतरी हातून घडलं होतं. तिनं टेबलावर कोट पसरला, इस्त्री फिरवली, बाह्यांवरचे लोकरीचे गोळे वेचले. गिऱ्हाईक मात्र भलतंच चौकस. ऑर्डरसोबतच त्यानं विचारलं होतं, 'डाव्या खिशाचं अस्तर उसवलंय ना? असू दे, चालेल मला.' तिनं खिशात हात घातला तर खरंच बोटं पार आत गेली. फोटोत तर हे दिसत नव्हतं. असतात एकेक जाणकार, असं म्हणत तिनं सुईदोरा घेतला आणि अस्तर शिवून टाकलं. पहिलंच गिऱ्हाईक, नाराज कशाला करा?

मग पार्सलवर चिकटवायची पत्त्याची चिठ्ठी छापून आली. नाव कुठलंसं घेतलेलं, ओळखू न येणारं. खाली पत्ता. तो काही तिला वाचावा लागला नाही. दर रविवारी सूपचा डबा घेऊन ती त्याच पत्त्यावर जात होती. ताईचं घर.

"कोट ताईनं घेतलाय," तिनं आत नवऱ्याला ओरडून सांगितलं.

कोट ताईचाच होता. कोटच कशाला, दुकानातले सगळेच कपडे ताईचे. उपचार सुरू झाले आणि ताई अशी काही झडली, की एकेक कपडा अंगावर ठरेना. "ने गं, तुझ्याकडे राहू देत," असं म्हणून तिनं दोन बॅगा भरून दिल्या होत्या. राहू देत म्हणाली होती, विक म्हणाली नव्हती. हे धाकटीला तेव्हाही कळलं होतं. उगाच खोटं कशाला बोला?

"मग काय झालं?" नवरा तोंड पुसत बाहेर आला. "तिला कुठं ठाऊक, विकणारी तू आहेस ते?"

"फोटोत मागं आपला पडदा आहे. तो तिनंच शिवून दिलाय."

"मग ऑर्डर रद्द कर. कोट आधीच गेला म्हणून सांग."

तिचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. फोटोखाली लिहिलेली ओळ तिच्या डोळ्यांपुढे आली होती. कपडा का विकताय ते लिहावं, लोकांचा विश्वास बसतो, असं शेजारणीनं शिकवलं होतं. काय लिहावं ते सुचेना, तेव्हा तिनं पटकन ठोकून दिलं होतं, 'घालणारं माणूस आता नाही.'

ताईनं ते वाचलं होतं. वाचलं, आणि पैसे भरले.

घाईत लिहिलं, मनात तसं काही नव्हतं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता, आणि त्याचीच तिला आता मेल्याहून मेल्यासारखं व्हावं इतकी लाज वाटत होती. चिठ्ठी तशीच टेबलावर टाकून तिनं कोट पिशवीत कोंबला आणि चपला चढवल्या.

ताईनं स्वतःच दार उघडलं. डोक्याला रुमाल, एक हात भिंतीला.

"तूच आलीस होय? मला वाटलं, कुरियरवाला येईल."

"ताई, अगं मी..." रस्ताभर जुळवत आणलेलं सगळं ती विसरली. "तुझे पैसे परत करते. आत्ताच्या आत्ता."

"कशाला? दुकान काढलंयस ना? मग असं रडत कशाला चालवतेस?"

आवाजात राग नव्हता. असता तर फार बरं झालं असतं. चांगल्या चार कानाखाली खायची तयारी करूनच धाकटी आली होती.

ताईनं कोट बाहेर काढला, झटकला आणि अंगात चढवला. खांदे दंडांवर उतरले. हात बाह्यांत कुठल्या कुठे नाहीसे झाले. तिनं बाह्या दुमडल्या, मग आणखी एकदा दुमडल्या. बटणं लावायला वेळ लागला. धाकटी मदतीला पुढं झाली, तर ताईनं मानेनंच नको म्हटलं. एवढ्यानंच तिला धाप लागली होती. आरशापुढं जाऊन ती या बाजूनं, त्या बाजूनं वळून बघू लागली, दुकानात पसंत करताना बघतात तशी.

"ढगळ होतोय," ती म्हणाली. "थंडीपर्यंत भरेन मी. डॉक्टर म्हणालेत, खा म्हणून."

धाकटीला मान वर करवेना.

"आणि हे बघ," ताई आरशातूनच म्हणाली, "बाकीचे कपडे इतक्यात कुणाला देऊ नकोस हं. एकेक करून मीच घेते. सगळे एकदम नाही परवडायचे मला."