वरणाच्या शिट्ट्या

इंदुलेखा जन्मल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, त्या घरात कुकर लागला नव्हता. वरण उघड्या पातेल्यात शिजायचं, दारावर घंटेऐवजी दिवा लुकलुकायचा आणि फोन नुसता थरथरायचा. तिच्या आत्याला एका सकाळी घड्याळाच्या गजराने नेलं होतं. हृदयाच्या पेशींत विजेच्या इशाऱ्यावर उघडणारी पोटॅशियमची दारं दोघींचीही जन्मतः आळशी होती. अचानक मोठा आवाज झाला की ठोक्यांचा ताल सुटायचा.

मार्चमध्ये डॉक्टरांनी एका इंजेक्शनने त्या दारांचा जनुक दुरुस्त केला. काल ते म्हणाले, "आता घरात नेहमीचे आवाज होऊ द्या."

आज आईने माळ्यावरचा कुकर काढला, नवी रिंग बसवली आणि डाळ लावली. इंदुलेखा स्वयंपाकघरातच भूगोलाचा नकाशा रंगवत बसली होती. तिच्या छातीवरच्या पट्टीतून ठोके आईच्या मोबाइलवर उमटत होते. बाबा दाराची चौकट घट्ट धरून उभे होते.

शिट्टी झाली. इंदुलेखा दचकली, आणि तिचा ब्रश कोकणातून थेट अरबी समुद्रात गेला. मोबाइलवरची रेघ जरा घाईने धावली आणि पुन्हा आपल्या चालीवर आली.

दुसरी झाली, तिसरी झाली. रेघेकडे बघता बघता आईचं शिट्ट्या मोजायचंच राहून गेलं. डाळ करपल्याचा वास सुटला.

"आई, बंद कर ना तो कुकर," इंदुलेखा वैतागून म्हणाली. "डोकं उठलं माझं."

बाबा तिथेच फरशीवर बसले.

आई म्हणाली, "अजून एक होऊ दे."