शेवटची आंघोळ

सत्त्याण्णव साली महानंदा पुण्याच्या प्रयोगशाळेत कोडावर संशोधन करत होती. कातडीतल्या संरक्षक पेशी ज्या रिसेप्टरनं, म्हणजे पेशीवरच्या ओळखणाऱ्या रेणूनं, शत्रू ओळखतात, तो घडवणारी जनुकं तिला शोधायची होती. त्यासाठी तिच्या आईनं, मल्लम्मानं, आपल्या पांढऱ्या डागाचा तुकडा हसत काढून दिला होता.

त्याच आईला शेवटची आंघोळ घालायला नेकनूरच्या घरी काकू आल्या, त्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. महानंदानं त्यांच्या हातातला तांब्या हिसकावून घेतला.

"डोळे कावून वटारतीस?" काकू म्हणाल्या. "तू बी तिकडं पुण्याला तिच्या कातडीला हातमोजे घालूनच शिवतीस की! तिनंच सांगितलंय."



"हो काकू. माझ्या हाताची घाण तिला लागू नये म्हणून."